भरलेली बाटली

आज ऑफिसच्या गेटजवळ एक माणूस टाय खांद्यावर टाकून नळाला ओंजळ लावून पाणी पिताना दिसला. तासाभरापूर्वीच मी त्याची सेल्सच्या नोकरीसाठी मुलाखत घेतली होती. पंचेचाळिशीचा असावा. नेहमीप्रमाणे मी टेबलावरची पाण्याची बाटली त्याच्या हातात देऊन म्हटलं, “ही मला विका.”

“साहेब, तहान लागलीय का?”

“नाही.”

“मग कशाला घेता?” म्हणत त्याने बाटली जागेवर ठेवली. मी त्याच्या नावापुढे फुली मारली.

समोरच्याची गरज ओळखा, असं मीच नव्या मुलांना शिकवतो. घरी तर दारात आलेल्या कुणालाही आम्ही आधी पाणी विचारतो. उन्हातून आलेल्या त्या माणसाच्या हातात मी भरलेली बाटली दिली होती. प्या, एवढं म्हणायचं मात्र सुचलं नाही.