बाबासोंचा चौथा कोपरा

बाबासो कुरण्यांचे डोळे कसे गेले ते मी सांगते, कारण लोक अजून भलतंच सांगतात. कोण म्हणतं, कॉम्प्युटरसमोर बसून बसून गेले. कोण म्हणतं, दारूनं. दारूची अफवा तर माझ्याच तोंडातून निघाली होती. तेही सांगते, ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही.

मी स्नेहल. २००३ साली कोल्हापूरच्या राजारामपुरीत आठव्या गल्लीत मी सायबर कॅफे टाकला. आठ मशीन होती. मॉनिटर सगळे जुने, पुण्याच्या कुठल्या कुठल्या ऑफिसांतून लिलावात निघालेले, डब्यासारखे मोठ्या पाठीचे. दोन मॉनिटरवर तर कंपनीचं नावसुद्धा नव्हतं. आणि मशीनमध्ये सिस्टीम लिनक्सची, का तर ती फुकट. त्या लिनक्सला माझा एकही मॉनिटर ओळखू येईना. चालू केलं की अक्षरं भोपळ्याएवढी आणि खालचं बटण स्क्रीनच्या बाहेर. फॉर्म भरायला आलेल्या पोरी विचारायच्या, 'ताई, सबमिट कुठं हाय?' मी काय सांगणार, कपाळ? दोन-तीन मॉनिटर तर 'आउट ऑफ रेंज' एवढं लिहून काळे पडायचे.

तेव्हा कुणीतरी बाबासोंचं नाव सुचवलं. मूळचे नेसरी गावचे. नव्वदच्या दशकात तिकडं टीव्ही दुरुस्त करत फिरायचे, मग कोल्हापुरात येऊन मॉनिटरच्या दुकानात लागले, आणि मासिकाबरोबर आलेल्या एका सीडीवरून लिनक्स आपलं आपण शिकले. शिक्षण दहावी. आले ते सायकलवरून, हातात स्क्रू ड्रायव्हरची पिशवी, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. मला वाटलं, हे काय दिवे लावणार?

पण माणूस वेगळाच निघाला. मॉनिटरला सेकंदाला किती रेघा झेपतात आणि किती वेळा पूर्ण चित्र झेपतं, हे आकडे एका फाइलमध्ये हातानं लिहावे लागायचे. मॉनिटरच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर बाबासोंचा विश्वास नव्हता, कारण जुन्या मालात आतली चित्राची नळी एकाची आणि खोकं दुसऱ्याचं असतं हे त्यांना ठाऊक होतं. ते खोक्याला कान लावायचे. आकडा जास्त झाला की आत बारीक शिट्टी वाजते म्हणे. मला कधी ऐकू आली नाही. त्यांना यायची, आणि ते आकडा उतरवायचे. आठवड्यात आठही मशीन लख्ख झाली, आणि मी त्यांना म्हटलं, दादा, आता तुम्ही इथंच.

शेवटी त्यांची एक परीक्षा असायची. स्क्रीनभर चौकटीचं एक चित्र लावायचे आणि चारी कोपऱ्यांना बोट लावत मोजायचे, एक, दोन, तीन, चार. चौथा मोजून झाला की मॉनिटर पास. एकदा मी म्हटलं, मी बघून सांगू का? तर म्हणाले, टीव्हीच्या वेळी आपण कौलावर अँटेना फिरवत असायचो, खालून घरातला माणूस ओरडायचा, आलं, गेलं, आलं. दुसऱ्याच्या डोळ्यानं काम करावं लागायचं. इथं ती भानगड न्हाय, माझं मला दिसतंय. याचा त्यांना फार अभिमान होता.

दोन वर्षं उत्तम गेली. २००५ च्या उन्हाळ्यात त्यांच्या डाव्या हाताला ठेवलेला चहा सांडला. पुढच्या आठवड्यात पुन्हा सांडला. मग गिऱ्हाइकाच्या खुर्चीला धडकले. आणि मी, बाई गं, गिऱ्हाइकांसमोर हसत म्हटलं, काय दादा, सकाळीच का? सगळे हसले. बाबासो थेंबाला शिवत नव्हते. घरात बाबासाहेबांचा फोटो, दर पौर्णिमेला विहारात जाणारा माणूस. ते लाजल्यासारखे खाली बघत फरशी पुसायला लागले. चेष्टा तिथंच संपायला हवी होती, पण ती गल्लीत गेली आणि वाढून परत आली. चार महिन्यांत दोघं-तिघं मला हळूच म्हणाले, तुमचा मिस्त्री पितो वाटतं. मी एकदासुद्धा नाही म्हटलं नाही.

२००६ च्या दिवाळीनंतर मॉनिटर बिघडायला लागले. म्हणजे त्यांच्या मते. म्हणाले, कडा कापल्या जात्यात, कोपरा गायब होतोय, लिनक्स मॉनिटर ओळखायला चुकतंय. मग फाइल उघडायची, आकडे बदलायचे, चित्र आत घ्यायचं. पुन्हा मोजायचं, पुन्हा आत घ्यायचं. महिन्याभरात आठही मशीनवर चित्र मधोमध पोस्टकार्डाएवढं आणि भोवती काळी पट्टी. गिऱ्हाईक डोळे बारीक करून वाचायचं. मी सांगितलं, दादा, आधी बरं होतं, होतं तसं करा. ऐकेनात. तुमाला जो कोपरा आधी दिसत नव्हता त्यो माझ्यामुळंच दिसतोय आता, म्हणाले.

माझं डोकं फिरलं. तोंडाचा पट्टा सुटला की मी कुणाची नाही. भर कॅफेत म्हटलं, हट्टी झालाय तुम्ही, काम जमत नसेल तर तसं सांगा, आणि दुसऱ्या दिवशी शाहूपुरीतल्या बाळासोला बोलावलं. तो दुसऱ्या दुकानाचा मिस्त्री. त्यानं तासाभरात आठही मशीनचे जुने आकडे परत घातले आणि सगळी चित्रं काचेला काठोकाठ बसली.

बाबासो दारात उभे राहून बघत होते. मग आत आले. पाचव्या मशीनसमोर बसले, चौकटीचं चित्र लावलं आणि बोट फिरवायला लागले. एक. दोन. तीन. तिसऱ्यावर बोट थांबलं. ते बराच वेळ थांबलं. बाळासो सरळ स्वभावाचा, त्यानं पुढं होऊन डाव्या बाजूला खाली टिचकी मारली, म्हणाला, "हा काय चौथा, दादा."

बाबासोंनी मान वळवली आणि त्यांना कोपरा दिसला. मान सरळ केली, गेला. परत वळवली, आला. असं पाच-सहा वेळा केलं. मग त्यांनी उजवा डोळा तळहातानं झाकला आणि तसेच बसून राहिले. इतकी वर्षं मॉनिटर तपासणारा माणूस, एक एक वायर सोडवून दोष शोधणारा, त्यानं पहिल्यांदाच स्वतःचा एक डोळा बंद करून बघितला होता. मला तेव्हा सगळं कळलं.

त्याच दुपारी मी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसायचं, आत बारीक दिवे लागतात, दिसला की बटण दाबायचं. मी बाहेरून ऐकत होते. बटणाचा आवाज फार कमी वेळा आला. मग कागद छापून निघाला, दोन्ही डोळ्यांचे दोन गोल, डावा जवळजवळ सगळा काळा, उजव्याच्या कडा काळ्या. काचबिंदू. दुखत नाही, लाल होत नाही, कडेकडेनं नजर खात येतो, आणि राहिलेल्या नजरेवर माणूस भागवत जातो, त्यामुळं कळत नाही. बाबासोंनी तो कागद डोळ्यांजवळ धरला, तिरपा केला आणि डॉक्टरांना विचारलं, "ही काळी बाजू सेटिंगनं आत घेता येत न्हाय व्हय?"

डॉक्टर मान हलवून नाही म्हणाले. गेलं ते गेलं, राहिलेलं टिकवायला थेंब. दीड-दोन वर्षांपूर्वी आला असतात तर बरंच वाचलं असतं. दीड-दोन वर्षांपूर्वी म्हणजे चहा सांडला तेव्हा. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय. डॉक्टरांनी हेही सांगितलं की हा आजार रक्तात असतो, भावाला आणि मुलीला दाखवा. बाबासोंचा थोरला भाऊ, आण्णा, नेसरीत दहा वर्षं उंबऱ्यात बसून होता. म्हातारपणानं नजर गेली म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं. त्याचं वय तेव्हा अवघं अठ्ठावन्न. मुलगी संघप्रिया तेव्हा दहावीला होती. तिच्या डोळ्यांत दाब वाढलेला निघाला, पण नजर शाबूत होती. तिचे थेंब लगेच सुरू झाले. बाबासो एवढ्या एका बातमीवर हसले.

त्यांच्या डोळ्यांना मात्र थेंब पुरले नाहीत. दोनदा ऑपरेशन झालं. मी पहिलं वर्ष रोज कॅफेत बोलवत होते, ते यायचे, पण पाचव्या मशीनसमोर बसून कीबोर्ड चाचपडताना बघवायचं नाही. मग यायचे बंद झाले. २००९ च्या मे महिन्यात मी त्यांच्या घरी गेले तेव्हा उजेड आहे की अंधार, एवढंच त्यांना कळत होतं.

संघप्रिया आत चहा करत होती. मी माफी मागितली. दारूच्या चेष्टेची, हट्टी म्हटल्याची, सगळ्याची. रडले पण. ते म्हणाले, जाऊ दे ताई, तुमी वरडला नसता तर मी अजून मॉनिटरच उघडत बसलो असतो, आणि पोरीचं बी कळलं नसतं. त्यांनी मला बरं वाटावं म्हणून म्हटलं असणार, पण मला काही बरं वाटलं नाही. वर मी मूर्खासारखं विचारलं की शेवटचं नीट असं काय दिसलं.

बाबासो म्हणाले, "सांगता येत न्हाय. हळूहळू गेलं की. तुमचे आठ मॉनिटर मात्र अजून डोळ्यासमोर हायीत, कुठल्याची कडा कशी वाकती ते बी. पर संघप्रिया दहावीला कशी दिसत हुती म्हणून इचारलासा तर न्हाय सांगता यायचं. समोरनं जायाची रोज. माझं तोंड घरी बी मॉनिटरच्या काचंत. तेवढ्या दोन वेण्या आठवत्यात."

संघप्रिया कप घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"दहावीला मी केस कापले होते, आबा," ती म्हणाली.

"व्हय?" बाबासोंनी आवाजाकडं तोंड वळवलं. "कधी?"