मले सायकल आणायची आहे

"नको ताई, मले सायकल आणायची आहे."

दुसरा लाडू पुढे केला की कॅप्टन हे म्हणायचे आणि उजव्या हाताचा तळवा ताटलीवर झाकणासारखा धरायचे. पहिला लाडू मात्र चवीनं खायचे, खाली दुसरा हात धरून, एक कण न सांडता. लाडवाचा आणि सायकलीचा काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं.

संबंध वजनाचा होता. त्यांचं विमान लहान. दोन पायलट, सहा-सात माणसं आणि त्यांच्या बॅगा, एवढ्यात ते भरायचं. अशा विमानात प्रत्येक किलोचा हिशेब लागतो. कॅप्टन आपली घडीची सायकल विमानातून घेऊन फिरायचे आणि ती बारा किलोची होती. "बारा किलो ती आहे," पोटावरून हात फिरवत ते म्हणाले, "म्हणून बारा किलो मी नाही."

रायपूर राजधानी होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. नव्या राज्यात कामं पुष्कळ आणि सगळ्यांना घाई, त्यामुळे भाड्याची विमानं येऊ लागली होती. सकाळी साहेब लोक उतरायचे, मंत्रालयात बैठका करायचे आणि संध्याकाळी परत. त्यांची जमिनीवरची सगळी व्यवस्था आमच्या छोट्याशा ऑफिसकडे होती, म्हणजे माझ्याकडे. गाड्या, इंधन, जेवणाचे डबे, चहा, थंड पाणी. मला याद्या केल्याशिवाय काम सुचत नाही. प्रत्येक विमानाची यादी आदल्या दिवशी तयार असायची आणि तिच्यात शेवटची ओळ असायची, "क्रूसाठी गाडी".

ही गाडी कागदावर नेहमी असायची आणि आवारात कधी नसायची. साहेबांबरोबर ऐन वेळी कुणाचा भाचा निघायचा, कुणाचा पीए निघायचा आणि ती गाडी त्यांना घेऊन जायची. विमानतळ माना गावाजवळ, शहराबाहेर. ऑटो मिळायची नाही. मग पायलट दिवसभर आमच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर मान टाकून झोपायचे. मला त्याचं वाईट वाटायचं, पण माझ्या हातात गाड्यांची यादी होती, गाड्या नव्हत्या.

हे कॅप्टन पहिल्यांदा आले तेव्हा मी नेहमीप्रमाणे गाडी गेल्याचं सांगायला गेले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. विमानाच्या नाकापाशी सामानाचा एक कप्पा असतो. त्यातून त्यांनी निळी पिशवी काढली, पिशवीतून चाकं, नळ्या आणि सीट असं एक गाठोडं काढलं. टक, टक, टक असे तीन आवाज झाले आणि समोर सायकल उभी राहिली. लहान चाकांची, उंच दांड्याची. मग त्यांनी खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्या काढून खिशात घातल्या, गणवेशावर एक जुना चौकड्यांचा सदरा चढवला आणि कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा पँटच्या उजव्या पायाला लावला.

आमचा लोडर सोनवानी तोंड उघडं टाकून बघत होता. "मॅडम," तो म्हणाला, "साहब के घोडी तो पेट ले निकल गे!" म्हणजे साहेबांची घोडी विमानाच्या पोटातूनच निघाली.

तेव्हापासून विमान टेकलं की सोनवानी विचारायचा, "घोडी आए हे का?" आणि कॅप्टन खिडकीतून अंगठा दाखवायचे.

गेटवरच्या शिपायाला मात्र ही घोडी पचली नाही. गाठोडं होतं तेव्हा ते सामान होतं, उघडलं की वाहन झालं. वाहन असेल तर नंबर हवा, पास हवा. "नंबर नहीं है तो कैसे जाने दूं?" तो म्हणाला. कॅप्टननी वाद घातला नाही. तिथेच सायकलची घडी केली, पिशवी खांद्याला लावून गेट चालत ओलांडलं आणि पलीकडे जाऊन पुन्हा टक, टक, टक. पुढे वर्षानुवर्षं ते असंच करत राहिले आणि शिपाई दर वेळी पिशवीला सलाम ठोकू लागला.

एका मोठ्या साहेबांनी कप्प्यात आपल्या ब्रीफकेसजवळ ही पिशवी पाहून कपाळाला आठ्या घातल्या. "ये क्या है, कॅप्टन?"

"सर, मेरी स्टाफ कार."

साहेब हसले नाहीत. मी फार प्रयत्नानं हसले नाही.

मला वाटायचं, गृहस्थाला व्यायामाची हौस आहे. पण ते जाताना दर वेळी बजावायचे, "साहेब लोक मंत्रालयातून निघाले की मले लगेच मिस्ड कॉल मारजा." हे "मले" ऐकून मी त्यांना विचारलं होतं, "तुम्ही कुठले?" वडील रेल्वेत, मूळ वर्ध्याकडचे, लहानपण सगळं इथेच, रायपूरच्या गुढियारीत गेलेलं. माझ्या घरची गोष्टही फार वेगळी नव्हती. त्या दिवसापासून मी "मॅडम"ची "ताई" झाले, आणि सोनवानीच्या बायकोनं केलेले करीचे लाडू, म्हणजे बेसनाच्या शेवेचे गुळातले लाडू, मी त्यांच्यासाठी डब्यात राखून ठेवू लागले.

मग एकदा मी विचारलंच. "कॅप्टन, एवढ्या उन्हात दर वेळी जाता कुठे?"

"मायकडे."

त्यांची आई देवपुरीच्या बाजूला बहिणीकडे राहायची. सायकलनं जेमतेम अर्ध्या तासाचा रस्ता. गाडी असती तर साहेबांच्या मर्जीची. ऑटो जाताना मिळाली तरी येताना मिळेल याची खात्री नाही, आणि पायलट उशिरा पोचला तर नोकरीच जायची. सायकल मात्र दारात उभी असायची. मिस्ड कॉल आला की हातातला घास तोंडात टाकून निघायचं.

"सुट्टीत या ना निवांत," मी म्हटलं.

"येतो ना. पण सुट्टी वर्षातून दोनदा. तिचं दुखणं तोवर थांबणार नाही, ताई."

आई विसरायला लागली होती. आधी वस्तू, मग रस्ते, मग माणसं. रात्रंदिवस सेवा करणाऱ्या लेकीला ती स्वतःच्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारायची. जावयाला घरमालक समजायची. पण कॅप्टन दारात आले की बसल्या जागेवरून ओरडायची, "आला का रे? सायकल वट्ट्यावर घे, चोरी जाईन!" गुढियारीत त्यांच्या दारातून एकदा सायकल गेली होती. ते तिनं धरून ठेवलं होतं.

"बहीण चिडते," कॅप्टन हसत म्हणाले. "म्हणते, मी मरमर करून राहिले अन् मले ओळखत नाही, अन् हा महिन्यातून एकदा येते तर याले बरोबर ओळखते." मग हसू थांबलं. "सगळ्यांना विसरली ती. मले नाही. जोवर ओळखते तोवर एकही फेरी सोडायची नाही, एवढंच आहे."

त्यानंतर मी मिस्ड कॉलच्या बाबतीत फार काटेकोर झाले. मंत्रालयातल्या एका ड्रायव्हरला सांगून ठेवलं, साहेब जिन्यावर दिसले की मला फोन कर. तरीही कधी कधी गडबड व्हायची. एकदा लाल दिव्यांच्या गाड्यांचा ताफा कॅप्टनला रस्त्यातच मागे टाकून पुढे आला. साहेब उतरले आणि विचारू लागले, "पायलट कहां है?" मी म्हटलं, "वॉशरूम में, सर." पाच मिनिटांत कॅप्टन घाम पुसत, पट्ट्या लावून, टोपी घालून हजर. "गुड इव्हनिंग, सर." साहेब म्हणाले, "रास्ते में कोई पागल मिला, प्लेन की रफ्तार से सायकल चला रहा था." कॅप्टन म्हणाले, "रायपूर में ऐसे बहुत हैं, सर."

एका उन्हाळ्यात विमान उतरलं आणि सोनवानीनं विचारलं, "घोडी?" खिडकीत अंगठा दिसला नाही.

दिल्लीत ऐन वेळी एक माणूस वाढला होता. त्याच्या दोन जड बॅगा होत्या. वजन बसेना, तेव्हा कॅप्टननी पिशवी स्वतः उतरवून ठेवली. सदरा तिच्यातच राहिला, चिमटाही. "वजनाच्या कागदावर सही माझी असते," ते म्हणाले. "दुसऱ्याची बॅग उतरवून माझी सायकल कशी चढवू?"

मी त्या दिवशी माझी मारुती घेऊन आले होते. म्हटलं, "चला, मी सोडते. मले तिकडूनच बँकेत जायचं आहे." बँकेत मला काही काम नव्हतं.

गाडीत ते खुशीत होते. दहा-बारा मिनिटांत पोचू, म्हणजे बसायला चांगला वेळ मिळेल, असं दोनदा म्हणाले. "आज माय म्हणेल, आज काहून एवढा लवकर?"

बहिणीचं घर हाउसिंग बोर्डाचं, पुढे छोटा ओटा. आई ओट्यावरच खाटेवर बसली होती. किरकोळ, पांढरी, हातात पदराचं टोक. गाडी थांबली. पांढराशुभ्र गणवेश, सोनेरी पट्ट्या, टोपी असे कॅप्टन उतरले. त्यांनी हाक मारली, "माय!"

म्हातारी लगबगीनं उभी राहिली. तिनं पदर डोक्यावर घेतला, हात जोडले. "या साहेब. बसा. अवो, साहेबासाठी खुर्ची आना कोनी."

मी गाडीपाशीच उभी राहिले. बहीण दारात आली. "माय, अशी काय करतं? हाच तर आहे ना तो! तुझा पोट्टा!"

म्हातारी लाजून हसली. "काहीबाही नको बोलू साहेबासमोर." मग कॅप्टनकडे वळून म्हणाली, "माफ करजा साहेब. माझा पोट्टा येनार हाय आज. आत्ता येईन. सायकलनं येते तो."

कॅप्टननी टोपी काढली. तिनं पाहिलं आणि काहीच बदललं नाही. त्यांचा चेहरा मला बाजूनं दिसत होता. एवढी वर्षं ती मुलाला ओळखते असं आम्ही समजत होतो. ती सायकल ओळखत होती.

बहीण हळूच म्हणाली, "शेजारच्याची सायकल आणू का? गल्लीच्या तोंडापासून ये पुन्हा." कॅप्टननी नकारार्थी मान हलवली. कदाचित तशीही ओळख पटली नाही तर, याची भीती असेल. किंवा आई काय बोलते आहे ते ऐकायचं असेल. ते खुर्चीवर बसले.

"कसा आहे तुमचा पोट्टा?" त्यांनी विचारलं.

"चांगला हाय, साहेब. लय गुनाचा. पन घाईचा हाय. आला का घड्याळ पाह्यते. भाकर पुरी खात नाही."

कॅप्टननी डावा हात पाठीमागे नेला आणि तिथेच, आम्हाला दिसेल असा, पट्टा सोडून घड्याळ खिशात टाकलं. मग पाऊण तास दोघं शेजारी बसले होते. गल्लीत कुठे घंटी वाजली की म्हातारी मान उंच करायची आणि कॅप्टनही तिकडे बघायचे. दोघं मिळून त्यांचीच वाट पाहत होते.

माझा फोन वाजला. साहेब निघाले होते. फोनच्या आवाजानंच कॅप्टनना कळलं. ते उठले, आईच्या पाया पडले. ती घाबरली. "अवो साहेब, हे काय?"

"येतो, माय."

"हव, साहेब. अन् रस्त्यात माझा पोट्टा भेटला तं सांगजा, भाकर झाकून ठेवली मनावं. सावकाश ये मनावं."

"सांगतो," कॅप्टन म्हणाले.

परतताना ते एकच वाक्य बोलले. "ताई, एसी थोडा कमी करा." संध्याकाळी त्यांनी विमान वेळेवर उडवलं.

पुढच्या फेरीआधीच आई गेली. बहिणीनं फोन करून सांगितलं. कॅप्टन प्रवासी विमानानं येऊन सगळं आटोपून गेले, माझी भेट झाली नाही.

त्यानंतर ते एकदाच आले. पुढे त्यांची बदली मुंबईला झाली. आता येणारे पायलट उतरल्यावर मोबाइलवर टॅक्सी बोलावतात, नव्या रायपूरच्या हॉटेलात जाऊन आंघोळ करतात, आणि माझ्या यादीतली शेवटची ओळ कधीच गेली आहे.

त्या शेवटच्या वेळी सोनवानीनं घोडीबद्दल विचारलं नाही. कॅप्टननी कप्पा उघडला, पिशवी काढली. मी मारुतीची किल्ली हातात घेऊन उभी होते.

"गाडी काढू, कॅप्टन?"

"नको ताई. मायनं निरोप सांगितला होता. त्याले द्यायचा राहून गेला."

सदरा चढवला, चिमटा लावला. गेटवर घडी केली, पलीकडे जाऊन उघडली. त्या दिवशी ते विमानाच्या वेगानं गेले नाहीत. देवपुरीकडच्या वळणापर्यंत मला दिसत राहिले, सावकाश.

मिस्ड कॉलची वेळ यायच्या कितीतरी आधी ते परत आले. सायकल पुसली, घडी केली, पिशवीत घातली. चहा घेतला. मी डबा उघडून लाडू दिला, तो त्यांनी खाली हात धरून खाल्ला. मग हाताला सवयच होती म्हणून मी दुसरा लाडू ताटलीत ठेवून पुढे केला आणि उत्तर ऐकायला थांबले.

त्यांचा उजवा तळवा नेहमीसारखा ताटलीवर आला. झाकणासारखा, तसाच थोडा वेळ राहिला. मग त्यांनी तो उलटा केला आणि लाडू घेतला.