आणखी खाली घ्या

सीमेवरच्या नियंत्रण कक्षात आम्ही ड्रोनचं चित्र पाहत होतो. माणसांची एक रांग डोंगर उतरून आमच्या चौकीकडे येत होती. काहींच्या खांद्यावर लांबट नळ्या होत्या.

"सर, रॉकेट असतील. आदेश द्या. चौकीत आपली पोरं आहेत," माझ्या शेजारचे मेजर म्हणाले.

ब्रिगेडियर साहेब पडद्याकडे बघतच राहिले. "ड्रोन आणखी खाली घ्या."

ड्रोन उतरला. रांगेतला एकजण चक्क नाचत होता आणि त्याच्यामागे घोड्यावर नवरदेव होता. नळ्या म्हणजे वाजंत्र्यांचे कर्णे! आमची खोली हसण्याने भरून गेली.

यंत्रं आता किती दूरचं पाहतात! पण पाहिल्यावर थांबायचं की नाही, हे अजून माणसालाच ठरवावं लागतं.

ड्रोनमधून आवाज येत नव्हता. साहेबांनी बोटांनी टेबलावर ठेका धरला, आणि मेजरांनी मान डोलवली.