क्रमांक ४१७ चा अभिप्राय

स्टेनोबाई निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना सगळे स्टेनोबाईच म्हणत. दारावरची पाटी यजमानांच्या नावाची. तेही तीन वर्षांपूर्वी ध्यानीमनी नसताना गेले, त्यामुळे बाईंचं खरं नाव आता बहुधा पोस्टमनलाच तेवढं ठाऊक असावं. एकतीस वर्षं त्यांनी एकाच साहेबांच्या केबिनबाहेर काढली. साहेब म्हणजे साक्षात जमदग्नी. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. पत्रात एक शब्द इकडचा तिकडे झाला तर कागदाचा बोळा होऊन दाराबाहेर यायचा आणि पाठोपाठ टाइप करणारी व्यक्तीही. अशी बारा माणसं आली आणि गेली. बाई टिकल्या.

कशा टिकल्या, यावर ऑफिसात बरीच खलबतं चालायची. खरं तर गुपित काही नव्हतं. बाईंना साहेबांचा मूड वाचता यायचा. सकाळी त्यांनी खुर्ची ओढली की नुसत्या आवाजावरून बाई दिवसाचा अंदाज बांधायच्या. कुठला कागद दहा वाजता पुढे करायचा, कुठला जेवणानंतर आणि कुठला सरळ दोन दिवस फायलीखाली दाबून ठेवायचा, ही गणितं त्यांच्या डोक्यात पक्की होती. लोक आपले अर्ज साहेबांना न देता बाईंच्या हातात ठेवत आणि म्हणत, "बाई, वेळ बघून द्या हं." वेळ बघणं हीच त्यांची खरी नोकरी, टायपिंग आपलं तोंडी लावायला.

दुसरं म्हणजे त्यांची दोन अक्षरं. प्रत्येक पत्राच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात आधी साहेबांची आद्याक्षरं, मग तिरकी रेघ आणि तिच्यापुढे बाईंची दोन. ही दोन त्या कधी टाइप करत नसत. कच्चा मसुदा शेजारी ठेवायचा, पट्टी धरायची, ओळ न् ओळ ताडून पाहायची आणि मगच पेनने बारीक अक्षरात ती घालायची. तपासलं, बरोबर आहे, एवढाच त्यांचा अर्थ. ती दिसली की साहेब डोळे झाकून सही ठोकत. त्या माणसाने बाईंना शाबासकी म्हणून काही दिलं असेल तर ते एवढंच.

लेक एकुलती एक. दीड दिवसाच्या प्रवासावर राहते, नोकरी करते. दर रविवारी न चुकता फोन. पहिलं वाक्य ठरलेलं: "आई, आत्ता बोलू ना? कामात नाहीस ना?" निवृत्त बाईला कसलं डोंबलाचं काम! पण बाईंना याचं भारी कौतुक. शेजारणीला सांगायच्या, मुलीला वळण कसं लावलंय बघा, आईशी बोलायलासुद्धा आधी विचारते.

घराजवळच्या वाचनालयाचं कार्ड यजमानांनी काढलेलं, साऱ्या घराला मिळून एक, क्रमांक चारशे सतरा. तिथले ग्रंथपाल हा एक स्वतंत्र विषय आहे. गोष्टीच्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी त्यांनी एक रेघी कागद चिकटवलेला असतो आणि त्यावर वाचकांनी आपलं मत लिहायचं असतं. नाव घालायचं नाही, फक्त कार्डाचा क्रमांक. नियम कागदाच्या डोक्यावरच लिहिलेले: अभिप्राय वाचनालयाच्या टेबलाशी बसूनच लिहावा, फार लांबण लावू नये, एका क्रमांकाचा एकच अभिप्राय. मत बदललं तर जुनं एका रेघेने खोडून खाली नवं लिहावं. लोक पुस्तकापेक्षा हा कागदच आधी वाचतात, असं माझं स्वच्छ मत आहे.

तर एक दिवस ग्रंथपालांनी बाईंच्या हातात एक कादंबरी ठेवली आणि म्हणाले की, तुमच्याच ऑफिसातल्या कुणीतरी लिहिलीय म्हणतात. कुणी, ते बाईंनी लेखिकेचं नाव वाचताच ओळखलं. बारा जणांतली नववी. जेमतेम चौदा महिने टिकलेली, गप्प गप्प असायची. बाईंनी दोन दुपारींत पुस्तक संपवलं. साहेब नखशिखांत उतरले होते. खुर्ची ओढण्याचा आवाजसुद्धा होता. पहिल्या शंभर पानांत बाई तीनदा मोठ्याने हसल्या. मग केबिनच्या दाराबाहेर बसणारी एक बाई आली आणि त्यांचं हसू तिथेच विरलं.

कादंबरीतल्या मुलीचे वडील गावाकडे आजारी पडतात. ती रजेचा अर्ज दाराबाहेरच्या बाईकडे देते. बाई थंडपणे म्हणते, आज साहेबांचा मूड नाही, आणि अर्ज फायलीखाली सरकवते. संध्याकाळी फोन येतो, वडील गेले.

घडलं होतं तसंच. शब्दही तेच. फक्त बाई थंड नव्हत्या. त्या दिवशी सकाळी खुर्ची वाईट वाजली होती. तेव्हा अर्ज आत नेला असता तर फाडला गेला असता हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी जेवणानंतरची वेळ धरली होती. नेमके साहेब त्या दिवशी जेवणाआधीच बाहेर निघून गेले. एकतीस वर्षांत अंदाज चुकल्याचे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातला हा एक. मुलीने नंतर एक शब्द काढला नाही. बाईंनीही काढला नाही. योग्य वेळ बघून बोलू असं ठरवलं, तेवढ्यात मुलगी नोकरी सोडून गेली.

बाईंनी शेवटचं पान उलटलं आणि अभिप्राय वाचायला घेतले. क्रमांक अठ्ठ्याऐंशी विचारत होता की लेखिका आमच्या खात्यात होती का, कारण साहेब अगदी आमचाच आहे. क्रमांक एकावन्नने चाळिसाव्या पानावरचा चहाचा डाग आपण पाडलेला नाही एवढंच कळवलं होतं. क्रमांक दोनशे तीन: "साहेबाचा राग येत नाही, तो आहेच तसा. राग येतो तो दाराबाहेरच्या बाईचा." त्याखाली दुसऱ्याने लिहिलं होतं, अगदी बरोबर, अशा बायकांमुळेच असे साहेब माजतात. मग आणखी एक जण, मग आणखी एक. कुणी तिला दगड म्हटलं होतं, कुणी हुजऱ्या. पुढच्या बाजूच्या बारा अभिप्रायांपैकी सात जणांनी तिलाच धारेवर धरलं होतं. वाचनालयाच्या पंख्याखाली बसून दुसऱ्याच्या नोकरीवर बोलायला लोकांचं काय जातं! बाईंनी कागदाची मागची बाजू न बघताच पुस्तक मिटलं.

तीन दिवस त्या उत्तराचा मसुदा करत होत्या. आयुष्यभर दुसऱ्याचा मजकूर उतरवलेला. पहिल्या खेपेला सुरुवातच झाली, "वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की". तो कागद फाडला. चौथ्या खेपेला जमलं. ती बाई दार अडवत नव्हती, वेळ बघत होती, आणि तिने वेळ बघितली म्हणून किती जणांच्या नोकऱ्या वाचल्या हे लेखिकेला ठाऊक नाही, असं त्यांनी लिहिलं. माणसाचं भलं व्हावं म्हणून केलेली गोष्ट अशी अंगावर यावी, याचं वाईट वाटतं, असंही. पक्की प्रत केली, पट्टी धरून ताडून पाहिली आणि पर्समध्ये ठेवून त्या वाचनालयात गेल्या.

कुठल्या क्रमांकाने कुठल्या पुस्तकात अभिप्राय लिहिला, याची एक वही ग्रंथपाल ठेवत; ती त्यांनी उघडली, क्रमांकावर बोट फिरवलं आणि मान हलवली. चारशे सतराचा अभिप्राय आधीच आहे म्हणाले, गेल्या वर्षीचा. बाई म्हणाल्या, चूक होतेय, पुस्तक मी या आठवड्यात पहिल्यांदा पाहिलं.

"मागच्या बाजूला बघा ना," ग्रंथपाल म्हणाले. "तुमचाच असेल तर खोडा एका रेघेने आणि लिहा नवा. तुमचा क्रमांक, तुमचा हक्क."

बाईंनी कागद उलटला. डावीकडे झुकणारं अक्षर त्यांनी लांबूनच ओळखलं. लेक गेल्या वर्षी पंधरा दिवस राहून गेली होती. घरात वाचायला काही नाही म्हणून कार्ड घेऊन दोनदा इथे आली होती.

"क्र. ४१७. दाराबाहेरच्या बाईवर सगळे इतके का चिडलेत कळत नाही. ती दुष्ट नाही. मी तिच्या घरात वाढले आहे. साहेबांपुढे कुठला कागद कधी ठेवायचा हे तिला अचूक कळायचं. घरी यायची तेव्हा ती इतकी दमलेली असायची की बाबा मला खूण करायचे, आत्ता नको, वेळ बघून सांग. मी वेळ बघत राहिले. शाळेतली मैत्रीण बुडून गेली तेव्हा बघितली. बाबांच्या छातीत पहिल्यांदा दुखलं आणि आईला इतक्यात सांगू नकोस म्हणाले, तेव्हाही बघितली. तशी वेळ आली नाही. आता सवय झाली आहे. कादंबरीचा शेवट घाईत उरकलाय."

उभ्या असलेल्या बाई टेबलाजवळच्या खुर्चीवर बसल्या. यजमान अचानक गेले, असंच त्या आजवर सगळ्यांना सांगत आल्या होत्या. ते अचानक नव्हतं. घरात दोन माणसांना ठाऊक होतं आणि दोघंही त्यांचा मूड बघून गप्प राहिली होती. रविवारचा तो प्रश्न आठवला, आत्ता बोलू ना, आणि त्याचं आपण शेजारणीकडे केलेलं कौतुक आठवलं. त्यांना भयंकर लाज वाटली. लेक चिडली असती तर बरं झालं असतं. तिने तर सगळ्यांपुढे आईची बाजू घेतली होती.

ग्रंथपालांनी टेबलावरचं पेन पुढे सरकवलं. खाली चार ओळींची जागा शिल्लक होती. एक रेघ ओढली की झालं असतं. पर्समधली पक्की प्रत तिथे उतरवली असती तर पुढच्या प्रत्येक वाचकाने दाराबाहेरच्या बाईची बाजू वाचली असती, आणि वर खोडलेलं लेकीचं म्हणणं कुणीच वाचलं नसतं. बाईंनी पेन उचललं. टेबलावरची लाकडी पट्टी मागून घेतली. खोडायची रेघसुद्धा सरळ हवी बाईंना, असं ग्रंथपालांच्या मनात आलं असणार.

बाईंनी पट्टी पहिल्या ओळीखाली धरली. वाचली. दुसरीखाली धरली. ताडून पाहायला मसुदा शेजारी नव्हता, पण पाहण्यासारखं सगळं डोक्यात होतं: चपला काढतानाच गप्प झालेलं घर, ताटावर झाकण ठेवून बसलेले यजमान, दाराआड उभी राहून परत फिरणारी मुलगी. मैत्रिणीच्या ओळीवर पट्टी बराच वेळ थांबली. ती कोण, केव्हा गेली, बाईंना काहीच आठवेना, कारण त्यांना कधी कळलंच नव्हतं. छातीच्या ओळीवर त्यांना दिसेनासं झालं. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचलं.

मग लेकीच्या शेवटच्या ओळीखाली, डाव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात त्यांनी आपली दोन अक्षरं घातली.

"काय झालं? नाही खोडायचं?" ग्रंथपालांनी विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "तपासलं. बरोबर आहे."