बहिरेपणाची तालीम

माझा डावा कान लहानपणीच गेला. तो सारखा वाहायचा, आई त्यात कोमट तेल घालायची, आणि एकदाचा तो वाहायचा थांबला तेव्हा ऐकायचाही थांबला होता. त्याचं मला कधी फार वाईट वाटलं नाही, कारण उजवा कान दोघांचं काम करायचा आणि चोख करायचा. मी अंबरनाथला, शिवमंदिराच्या बाजूला, घरातच ब्लाउज शिवते. बायका माप द्यायला येतात, हात वर करून उभ्या राहतात, आणि अंगाभोवती टेप फिरायला लागली की त्यांची तोंडं आपोआप सुटतात. कोणाची सून माहेरी जाऊन बसली, कोणाचा जावई फोन उचलत नाही, कोणाच्या घरात दोन चुली झाल्या, हे कॉलनीत सगळ्यांच्या आधी मला कळायचं. लोक मला चोंबडी म्हणतात हेही मी त्याच कानाने ऐकलंय.

आता तो कानही नाही. ऑपरेशनमध्ये गेला, आणि तो जाणार हे आम्हाला आधीच सांगितलं होतं. भेटायला येणारे हल्ली कागदावर लिहून विचारतात, "आता कशी आहेस?" आधी कशी होतीस, हे कोणी विचारत नाही. मला मात्र ते आधीचेच दिवस आठवतात.

सुरुवात चक्कर येण्याने झाली. मशीनवरून उठलं की घर एका बाजूला कलायचं, आणि शेजारच्या कोणाकडे तरी कुकर शिटी द्यायच्या बेतात आहे असा आवाज कानात दिवसभर. एका डॉक्टरने बीपीच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्याने मानेला पट्टा दिला. तो पट्टा लावून मी बरेच दिवस शिवणकाम केलं आणि चार ब्लाउजांच्या बाह्या उलट्या जोडल्या. शेवटी एमआरआय झाला. मुंबईच्या हॉस्पिटलातल्या सर्जनने पडद्यावर पांढरा ठिपका दाखवला. उजव्या कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर गाठ होती. कॅन्सरची नाही म्हणाले. मी हुश्श केलं, तेवढ्यात पुढचं आलं. गाठ मोठी झालीय, मेंदूला दाबतेय, काढावी लागेल, आणि काढताना तो कान वाचणार नाही. चेहऱ्याची नस तिला चिकटलेली आहे, तेव्हा तोंड एका बाजूने वाकडं होऊ शकतं, डोळा मिटणार नाही.

"डॉक्टर, माझ्याकडे तेवढा एकच कान आहे," मी म्हटलं.

त्यांनी फाइल पुन्हा चाळली. मग म्हणाले की गाठ तशीच ठेवली तर कान आणखी काही महिने चालेल, पण मग तुमच्या जिवाची हमी मी देणार नाही. डाव्या कानाला मशीन लावून बघून झालं होतं. त्यात आवाज येतो, शब्द येत नाहीत.

परतताना रिक्षात हे माझ्या उजव्या बाजूला बसले होते. नवलच नव्हतं, लग्न झाल्यापासून ते त्याच बाजूला बसतात, चालतात, झोपतात. आमचे हे मुळात कमी बोलणारे. एमआयडीसीतल्या केमिकलच्या कंपनीत त्यांचा जन्म गेला. तिथे एकदा मोठी आग लागली, त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी पहिली चौकशी आमटी गरम आहे का, ही केली होती. घाबरलेलं मी त्यांना पाहिलेलंच नाही. कॉलनी आली. उतरताना म्हणाले, "करून टाकू." माझा कान जाणार आणि हा माणूस पंखा दुरुस्त करून टाकावा तसं बोलतोय, म्हणून मी भडकले. पण रात्री झोप लागली ती त्या दोन शब्दांमुळेच. ह्यांना जर एवढं काही वाटत नाही, तर वाटण्यासारखं नसेलच, असा मी हिशोब केला.

मग तयारी सुरू झाली. हातातले लग्नसराईचे ब्लाउज पुरे केले, न कापलेली कापडं ज्यांची त्यांना परत दिली. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला. डोळ्याचे थेंब आणि झोपताना पापणी चिकटवून ठेवायची पट्टी आणली. ती पट्टी लावून मी आरशात पाहिलं आणि आरशावर टॉवेल टाकून दिला. कानामागचे केस काढणार म्हणून वेणी घालायची सोडून दिली, म्हणजे नंतर चुकल्याचुकल्यासारखं होणार नाही. पण ह्या सगळ्याहून वाईट होती ती बहिरेपणाची तालीम.

हॉस्पिटलात कान तपासणारी एक तरुण मुलगी होती. तिने मला, ह्यांना आणि आमच्या लेकीला समोर बसवून समजावलं. ऐकू येतंय तोवर ओठ वाचायला शिका. रोज थोडा वेळ उजवा कान बंद करा आणि घरच्यांच्या तोंडाकडे बघा. घरच्यांनी उजेडात बसायचं, एकाने एका वेळी बोलायचं, तोंडासमोर हात धरायचा नाही. मग तिने ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांची मिशी म्हणजे वरचा ओठ पूर्ण झाकून खालच्यावर सावली पाडणारी.

"काका, ही काढावी लागेल. ओठ दिसतच नाहीत तुमचे."

"माझे वडील आहेत अजून," हे म्हणाले.

"मग?"

मीच तिला सांगितलं की आमच्यात बाप गेल्यावरच मिशी उतरवतात. बाप बसलेला असताना मुलाने ओठावरून वस्तरा फिरवणं म्हणजे त्याच्या मरणाला आवतण देणं. मुलीने मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. तिला ते पटलं नसावं, पण ती भली होती, हसली नाही.

घरी मी फोमचा बोळा कानात घालायचे, वर कापूस, वर घट्ट रुमाल. लेक मला पहिल्याच आठवड्यात वाचता यायला लागली. ती बँकेत जाताना लिपस्टिक लावते, त्यावरून मी तिला किती वर्षं बोलत आले होते. आता मीच म्हणायला लागले की बाई, जरा गडद लाव. बाहेर मात्र फजिती. कॅम्प पाचच्या बाजारात अस्तर, हुक, फॉल मी ज्यांच्याकडून घेते ते म्हातारे सिंधी शेठ मला अदी म्हणतात, म्हणजे बहीण. पुढचे काही महिने येता येणार नाही म्हणून अस्तर भरून ठेवायला मी गेले, आणि चाचणी म्हणून बोळा घालूनच गेले. त्यांनी काहीतरी विचारलं. मी म्हटलं, "दो मीटर." ते बघतच राहिले. त्यांनी विचारलं होतं, "अदी, घर में सब ठीक?" बोळा काढून मी त्यांना खरं काय ते सांगितलं, तेव्हा ते जे मोठ्याने बोलायला लागले ते माझा कान धडधाकट असूनही थांबेनात. निम्म्या गल्लीला माझी गाठ कळली. ज्या बाईने जन्मभर दुसऱ्यांच्या बातम्या गोळा केल्या, तिची बातमी अशी फुकटात वाटली गेली.

हे सगळं मी हसून सोडलं. ह्यांचं मात्र सोडता येईना. बोळा घालून मी त्यांच्यासमोर बसायचे, ते बोलायचे आणि मला मिशी वरखाली होताना दिसायची, बस. दोनदा, तीनदा सांगून झालं की ते हात झटकायचे. त्या झटक्याचा अर्थ मात्र मला न शिकता कळला. काही नाही, जाऊ दे. एकदा जेवताना बापलेक कशावरून तरी हसले. मी विचारलं काय झालं, लेक सांगणार तेवढ्यात ह्यांनी हात झटकला. मी ताट सरकवून उठले आणि बेडरूममध्ये जाऊन रडले. पुढचं आयुष्य मला त्या ताटापाशी दिसलं होतं. लोक बोलतील, हसतील, आणि मी एकेकाच्या तोंडाकडे बघत राहीन, मग कंटाळून ताटाकडे बघीन. लेक उद्या लग्न होऊन जाईल. मग घरात हा एकच माणूस, आधीच कमी बोलणारा, आणि तोही मला वाचता येणार नाही.

मिशी काढा, असं तरी मी कुठल्या तोंडाने म्हणणार? मीही त्याच रीतीत वाढलेली. मनातून म्हणत होते काढा, आणि त्यांनी खरंच काढली असती तर देव पाण्यात घालून बसले असते. त्यातून म्हाताऱ्या सासऱ्यांना काही झालं असतं तर सगळं खापर माझ्या डोक्यावर फुटलं असतं, आणि ते मला ऐकूही आलं नसतं. ह्यांच्या आग्रहाखातर शिवमंदिरात गेले. गाभारा खाली, पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि माझा तोल असा. हे म्हणाले, धरतो. मी म्हटलं, तुम्हीच जा, माझं त्याच्याशी सध्या बरं नाही. मी नंदीपाशी बसून राहिले.

ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं बदलापूरच्या पुढे गावी गेलो, मामंजींच्या पाया पडायला. गावाच्या चारी अंगांनी टॉवर उठलेत, पण मामंजींची ओटी तशीच आहे आणि ते तिथेच बसलेले असतात. मी जवळ बसून त्यांना सगळं सांगितलं. मिशीचं सांगायचं नव्हतं. पण ते म्हणाले, "मंग ह्याचा बोलना तुना कसा कलल गो?" आणि मी तिथे खोटं बोलू शकले नाही. म्हटलं, "नाही कळत, मामा. मिशी आड येते."

ते लेकाकडे वळून म्हणाले, "काढ ती."

"बाबा, असं काय बोलताय," हे म्हणाले.

"मी मेल्याव काढशील ती काय कामाची? हिच्या कामाला येतं तं आताच काढ. मना बी बघू दे."

दाढीचं सामान मामंजींचंच होतं. हे ओटीच्या कडेला बसले आणि आरसा मामंजींनी धरला. त्यांचे हात कापत होते, त्यामुळे ह्यांना आरशाच्या मागे मागे मान हलवावी लागत होती. अर्धी मिशी उतरली असेल, तेवढ्यात शेजारची काकी डोक्यावर हंडा घेऊन अंगणातून चालली होती. तिने ह्यांचा ओठ पाहिला, हंडा खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावून सूर काढला, "कवा गेला गो म्हातारा?" आरशामागून मामंजी म्हणाले, "नाय गेलो अजून. ये, च्या घे." ती ओशाळून हसली, आम्हीही हसलो. मामंजी हसले नाहीत. काम झाल्यावर त्यांनी लेकाच्या ओठावरून अंगठा फिरवला आणि मला म्हणाले, "आता बग."

घरी पोचलो तेव्हा खिडकीत अजून ऊन होतं. लेक कामावरून यायची होती. मी बोळा घातला, कापूस, वर रुमाल, आणि ह्यांना खिडकीसमोर खुर्चीत बसवलं. सबंध चेहरा रापलेला आणि वरच्या ओठावर तेवढी एक गोरी पट्टी. इतक्या वर्षांच्या संसारात हा ओठ मी पहिल्यांदाच असा निरखून बघत होते.

"बोला," मी म्हटलं.

ते बोलले. एकच वाक्य असावं, फार मोठं नव्हतं. मला कळलं नाही. पुन्हा, म्हटलं. ते पुन्हा बोलले, सावकाश, त्या मुलीने शिकवलं होतं तसं. मी पुढे झुकले. शब्द संपले तरी ओठ हलतच होता. ह्यांनी तो दातांखाली धरला, सोडला, तर तो पुन्हा थरथरायला लागला. ते स्वतः माझ्याकडे नेहमीसारखे बघत होते, डोळे शांत, हात मांडीवर. आपला ओठ काय करतोय हे त्यांना माहीतच नव्हतं. तिथे आजवर कोणी पाहिलं नव्हतं, मग तो सांभाळायची सवय कुठून असणार. रिक्षातून उतरताना "करून टाकू" म्हणाले, तेव्हाही तो असाच थरथरत असणार.

मी रुमाल सोडला, बोळा काढला आणि विचारलं, "काय म्हणालात?"

"औषधांची पिशवी आत्ताच भरून ठेव म्हटलं, सकाळी घाई होते."

आवाज नेहमीसारखाच होता, जराही न हललेला. नुसता तो ऐकला असता तर मी निर्धास्त झाले असते. मी उठले, पिशवी काढली, थेंब, पट्टी, रिपोर्ट एकेक करून भरायला लागले. आमच्या दोघांत एक जण तरी घाबरलेला नाही, एवढ्याच भरवशावर मी तिथवर आले होते.