आयव्हरीच्या चौदा शेड

आमच्या मोरबीच्या टाइल्सच्या कारखान्यात वालजीभाई अघारांच्या नजरेची सगळ्यांनाच धास्ती. भट्टीतून निघालेल्या दोन टाइल्स तुम्हाआम्हाला अगदी सारख्या दिसतील. वालजीभाई त्या उजेडात तिरक्या धरणार आणि म्हणणार, "ही चार नंबर, ही सहा. एका घरात द्यायच्या नाहीत." तरुणपणी ते कौलांच्या भट्टीवर होते, तिथे ही नजर बसली. ब्लाउजपीस घ्यायला त्यांच्या बायको जशीबेन त्यांना बरोबर नेत नाहीत. एकदा नेलं होतं, तेव्हा दुकानदाराने हात जोडले होते.

आम्ही सहा संगणकवाले वरच्या मजल्यावर, एसीत बसणारे. खालच्यांना आम्ही 'धूळवाले' म्हणायचो आणि ते आम्हाला 'फ्रिजमधली भाजी'. मधला जिना दोघांनाही परका होता. काही लागलंच तर आम्ही ई-मेल टाकायचो, आणि वालजीभाईंना ई-मेल नव्हता.

अशात मला साफसफाईची हुक्की आली. मालाच्या यादीत 'आयव्हरी' हे एकच नाव चौदा वेळा आलेलं, आयव्हरी एक, आयव्हरी दोन असं. मला वाटलं, हा खालच्यांचा गबाळेपणा! एका दुपारी चौदांचं एक करून टाकलं आणि शेठ हरजीवनभाईंकडून शाबासकीही घेतली. खाली जाऊन विचारायला फक्त बावीस पायऱ्या उतरायच्या होत्या.

महिन्याभरात भावनगरहून आमच्या टाइल्स बसवलेल्या लग्नाच्या एका हॉलचा फोटो आला. अर्धा हॉल गोरा, अर्धा सावळा. शेठ संतापले ते वालजीभाईंवर.

"काका, डोळे थकले तुमचे. उद्यापासून गेटवर बसा."

वालजीभाईंनी तीस वर्षं सांभाळलेलं शेडचं, म्हणजे रंगछटा वेगळ्या करायचं टेबल फडक्यानं पुसलं आणि ते गेले. माझ्या लक्षात सगळं आलं होतं. तरी मी गप्प बसलो, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

पण गेटवर बसवलं म्हणून काही डोळे मिटत नाहीत. बाहेर पडणाऱ्या ट्रकमधल्या पेट्या त्यांना दिसत होत्या. पुठ्ठ्यावर भट्टीचा जुना शिक्का, उजळ 'आयव्हरी ४', सावळी 'आयव्हरी ११', आणि वर आमचं नवं कोरं लेबल, नुसतंच 'आयव्हरी'.

त्याच आठवड्यात आमच्या खोलीची फरशी बदलायची होती. मीच चिठ्ठी दिली होती, 'आयव्हरी, वीस पेट्या'. रविवारी गवंडी आला, तेव्हा सुटीमुळे गोदामाची किल्ली गेटवर होती, म्हणून त्याला पेट्या वालजीभाईंनी काढून दिल्या.

सोमवारी दार उघडलं, तर समोर गोधडी! एक चौकोन दुधाळ, एक पिवळट, एक राखाडी, एकाला चक्क गुलाबी झाक. आमचा आरडाओरडा ऐकून वालजीभाई वर आले. दाराशी चपला काढल्या.

"काका, हे काय करून ठेवलंत?" आमच्यातला एकजण म्हणाला.

"काय केलं? चिठ्ठीत आयव्हरी होतं, यादीतही आयव्हरी एकच. मी अडाणी माणूस, यादीप्रमाणे दिलं."

तेवढ्यात मागून शेठ आले. फरशी बघून त्यांचा आवाज चढला. "हे कुणाचं काम?"

"माझंच असणार शेठ," वालजीभाई म्हणाले. "डोळे थकलेत ना!"

एवढं बोलून ते थांबले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"शेठ, चौदा शेड मी एक केल्या," मी म्हणालो. "कुणाला न विचारता. भावनगरचा घोळही माझाच. काकांच्या डोळ्यांना काही झालेलं नाही."

शेठ वाकून त्या गोधडीतले दोन-तीन चौकोन निरखू लागले. मग म्हणाले, "काका, टेबलावर जा. आणि ह्याला घेऊन जा खाली. चौदाच्या चौदा ओळखता आल्या की मगच वर पाठवा."

खाली पहिल्या दिवशी गाठिया आणि तळलेली मिरची माझ्यापुढे सरकवत वालजीभाईंनी बशीत चहा ओतला. माझ्या मनातला प्रश्न मी विचारूनच टाकला.

"काका, वर आम्ही सहाजण. सगळे गप्प राहिले असते तर?"

"पाच गप्प राहिले असते. तू बोलणार होतास."

"माझंच काम आहे हे कसं कळलं तुम्हाला?"

"गेटवर होतो ना! बाकीचे पाच रोज 'जय श्रीकृष्ण, काका' म्हणत आत जायचे. तू एकटा खाली मान घालून." त्यांनी चहाचा घोट घेतला आणि माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे तिरका केला. "तेव्हा अकरा नंबर होतास. आज चार आहेस. खा आता."