मंडपासमोर न उतरलेलं विमान

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, भर दुपारी, प्रणालीनं विमान सुखरूप उतरवलं. त्याच संध्याकाळी क्लबनं तिचं उडणं बंद केलं. कारण काय? विमान पाहुण्यांच्या मंडपासमोर उतरलं नाही!

प्रणाली माझी कॉलेजातली मैत्रीण, उमरेडजवळच्या एका फ्लाइंग क्लबच्या खासगी धावपट्टीवर वैमानिक. कळलं तशी मी नाशिकहून निघाले. नागपूरला तर्री-पोहे (वर तिखटजाळ रस्सा ओतलेले) खाल्ले, नाक पुसलं आणि उमरेडची एसटी धरली. कंडक्टरला धावपट्टीचा फाटा विचारला.

"विमान पाहाले चालल्या काय? बसा. आमचंबी विमानच आहे, फक्त उडत नाही."

स्वतःच्याच विनोदावर हसताना तो फाटा सांगायचा विसरला. पुढच्या थांब्यावर उतरून उन्हात मागे चालत आले. कोळशाचे ट्रक धूळ उडवत होते आणि वारा असा पिसाळलेला, की ओढणी क्षणात तोंडावर, क्षणात पाठीवर.

प्रणालीनं विमान दाखवलं. पुढं दोन मोठी चाकं, शेपटीखाली एक चिमुकलं. "वजन मोठ्या चाकांच्या मागं आहे," ती म्हणाली. "टेकल्यावर बाजूनं वाऱ्याचा झोत आला, की शेपूट गरकन फिरते. पूर्ण थांबेपर्यंत पाय पेडलवर नाचवत राहा लागते."

आणि त्या दिवशीच्या सत्कार-सोहळ्यासाठी क्लबातल्या शहाण्यांनी काय करावं? सावली पडते म्हणून मंडप पट्टीच्या भलत्याच टोकाला ठोकला. सत्काराच्या फलकाला उंच खांब हवा, म्हणून वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवीच काढून टाकली! फलक अजून तिथंच फडफडत होता. विमान उतरवतात ते वाऱ्याच्या समोरून; इथं मंडपासमोर थांबायचं, तर वारा पाठीशी घेऊन उतरावं लागणार. प्रणालीनं तसा प्रयत्न केला. बाजूच्या झोतानं विमान मंडपाकडे सरकू लागलं. चाकं टेकायच्या आत तिनं इंजिनाचा जोर वाढवला, वर गेली आणि उलट बाजूनं, वाऱ्याच्या समोरून उतरली.

एवढ्यात क्लबचे सचिव आले.

"पाहुणे आलेले साहेब हार घेऊन उभे, अन् हे पोरगी डोक्यावरून निघून गेली! वरून एका चाकावर उतरली. लोक हासून राहिले होते, मॅडम!"

"आडव्या झोतात वाऱ्याकडचं चाकच आधी टेकवतात, भाऊ," प्रणाली म्हणाली.

"काहून वं, मले शिकवून राहिली? साहेबांची माफी मांग, अन् येत्या रविवारच्या कार्यक्रमात मंडपासमोर उतर. विमान तुलेच देतो."

प्रणालीचा चेहरा क्षणभर उजळला. मग तिनं खांबाकडे पाहिलं.

"आधी पिशवी बांधा. हवा असेल तशी उतरीन. माफी नाही मांगत."

"मंग बस घरी!"

मी तासभर भांडले. सचिवांनी चहा पाजला, आणि मंडप कुठं ठोकायचा ते मजुराला सांगत राहिले. त्याच टोकाला!

परतीच्या गाडीत एकच विचार डोकं पोखरत होता. जिनं मंडपातली माणसं वाचवली ती घरी बसली आहे, आणि येत्या रविवारी तिच्या जागी असा कुणीतरी उडेल, ज्याला नाही म्हणता येत नाही. मंडपातल्या खुर्च्या तुमच्यासाठीच मांडल्या जातात. निमंत्रण आलं तर जाऊ नका. ते परत पाठवा आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहा: प्रणालीला विमान द्या.